टॉल्कीन यांच्या आयुष्यातील नवलाच्या गोष्टी: कशा तपासाव्यात, कशा सांगाव्यात

‘द हॉबिट’ आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कल्पित जगातल्या कथा लिहिणारे इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्कीन यांच्यावर दिवाळी अंकासाठी लेख लिहायचा असो किंवा वाचनकट्ट्यावर अर्धा तास बोलायचे असो, तयारीला बसल्यावर पहिल्या तासाभरातच दहा-बारा थक्क करणाऱ्या गोष्टी हाती लागतात. लहानपणी त्यांना विषारी कोळी चावला म्हणून त्यांच्या कथांत राक्षसी कोळी आले. त्यांनी हिटलरच्या राजवटीला सडेतोड पत्र पाठवले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी गुप्तहेर खात्याची नोकरी नाकारली. नोबेल पारितोषिक त्यांच्या हातून थोडक्यात निसटले. या प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी एक खरी घटना आहे, आणि तोंडोतोंडी फिरताना प्रत्येक गोष्ट थोडी वाकलेली आहे. ती सरळ कशी करावी हे पुढे सांगितले आहे. काम किचकट असले तरी करण्यासारखे आहे, कारण टॉल्कीन यांच्या बाबतीत तपासलेली गोष्ट ऐकीव गोष्टीपेक्षा बहुतेक वेळा अधिक नवलाची निघते.

घटना, साक्षीदार आणि निष्कर्ष वेगळे करावेत

सुरुवात कोळ्याच्या गोष्टीपासून करावी, कारण ती सोपी आहे. टॉल्कीन यांचा जन्म ३ जानेवारी १८९२ रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. त्यांचे वडील आर्थर तेथे बँकेच्या शाखेचे व्यवस्थापक होते. नुकतेच चालू लागलेले मूल बागेत फिरत असताना त्याला मोठा कोळी चावतो, मूल घाबरून पळत सुटते आणि दाई त्याला उचलून जखमेतले विष चोखून काढते, अशी ही हकिकत आहे.

आता कागदावर तीन रकाने आखावेत. पहिल्यात घटना लिहावी, दुसऱ्यात ती कोणी व कधी सांगितली ते लिहावे आणि तिसऱ्यात तिच्यावरून लोकांनी काढलेला निष्कर्ष लिहावा. पहिला रकाना सहज भरतो. दुसऱ्याशी थांबावे लागते, कारण १९५५ साली कवी डब्ल्यू. एच. ऑडन यांना लिहिलेल्या पत्रात टॉल्कीन स्वतःच सांगतात की, त्यांना यातले काहीही आठवत नाही आणि कोणी सांगितले नसते तर ते कळलेही नसते. तिसरा रकाना तर त्याच पत्राने पुसला जातो: आपल्याला कोळ्यांचा विशेष तिटकारा नाही, उलट न्हाणीच्या टबात सापडणाऱ्या कोळ्यांना आपण सहसा वाचवतो, असे ते लिहितात. ‘द हॉबिट’मधले कोळी आपल्या एका मुलाला कोळ्यांची फार भीती वाटत असे म्हणून घातले, असे त्यांनी अन्यत्र सांगितले आहे. म्हणजे आपल्या हाती आलेली गोष्ट आफ्रिकेतल्या बागेतली राहिली नाही. ती ऑक्सफर्डमधल्या एका घरात मुलांना गोष्ट सांगणाऱ्या, आणि त्यांच्यापैकी कोण कशाला घाबरतो हे नेमके ठाऊक असणाऱ्या बापाची झाली. मला ही दुसरी गोष्ट कितीतरी अधिक मोलाची वाटते.

कोणते पुस्तक कशासाठी उघडावे

टॉल्कीन यांच्याविषयी छापील साधने विपुल आहेत, पण प्रत्येकाचा उपयोग वेगळा आहे. हम्फ्री कार्पेंटर यांचे चरित्र १९७७ साली, म्हणजे टॉल्कीन यांच्या निधनानंतर चार वर्षांनी आले. कुटुंबाने खासगी कागदपत्रे त्यांच्यासमोर ठेवली होती आणि पुस्तक वाचनीय आहे. माणसाचा स्वभाव, घर आणि सवयी समजून घेण्यासाठी ते आधी वाचावे. मात्र त्यात विधानागणिक आधार दिलेला नाही, त्यामुळे तारखांसाठी केवळ त्यावर विसंबू नये. तारखांसाठी क्रिस्टीना स्कल आणि वेन हॅमंड या दांपत्याने तयार केलेली दिनवार कालानुक्रमणिका आहे. ती प्रथम २००६ मध्ये आणि वाढवून २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळासाठी जॉन गार्थ यांचे २००३चे पुस्तक वाचावे. टॉल्कीन यांचे स्वतःचे शब्द हवे असतील तर १९८१ साली निघालेला त्यांच्या पत्रांचा संग्रह आहे. त्याच्या २०२३च्या आवृत्तीत आणखी पुष्कळ पत्रे आली आहेत.

पत्रे वापरताना एक पथ्य पाळावे. पत्र कोणाला लिहिले आहे आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहिले आहे, हे टिपणात लिहून ठेवावे. खंदकातून १९१६ साली मित्राला लिहिलेले पत्र आणि त्याच काळाविषयी १९६० साली एखाद्या वाचकाला लिहिलेले पत्र, ही दोन्ही टॉल्कीन यांचीच असली तरी त्यांचे वजन सारखे नाही. पहिल्यात त्या दिवसाची धग असते आणि दुसऱ्यात चार दशकांनी बसलेली घडी.

अधिक वाकलेल्या तीन गोष्टी

जर्मनीला लिहिलेल्या पत्राची गोष्ट सर्वांत जास्त फिरते आणि सर्वांत जास्त चुकते. १९३८ साली ‘द हॉबिट’चे जर्मन भाषांतर काढण्याचा विचार ऱ्युटेन अँड लोनिंग या प्रकाशनसंस्थेने केला आणि लेखक ‘आर्य’ वंशाचा आहे का, अशी विचारणा टॉल्कीन यांना केली. म्हणजे प्रश्न विचारणारी एक प्रकाशनसंस्था होती. हिटलरशी किंवा त्याच्या सरकारशी थेट पत्रव्यवहार झालेला नाही. टॉल्कीन यांनी उत्तराचे दोन मसुदे तयार केले आणि कोणता पाठवायचा हे आपल्या इंग्रज प्रकाशकांवर, जॉर्ज ॲलन अँड अन्विन यांच्यावर सोपवले. आज सगळीकडे उद्धृत होतो तो जळजळीत मसुदा प्रकाशकांच्या दप्तरात शिल्लक राहिलेला आहे. यावरून जर्मनीला बहुधा दुसरा पाठवला गेला असावा. ‘पाठवले’ या शब्दाऐवजी ‘लिहिले’ हा शब्द वापरला तरी निम्मी चूक दुरुस्त होते.

या मसुद्यातला मजकूर मराठी वाचकाने तर मुद्दाम पाहावा. टॉल्कीन भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते, त्यामुळे ‘आर्य’ हा शब्द ऐकताच त्यांच्यातला अभ्यासक पुढे सरसावतो. आर्य म्हणजे भारत-इराणी, आणि आपल्या माहितीप्रमाणे आपल्या पूर्वजांपैकी कोणीही हिंदुस्थानी, फारसी किंवा त्यांच्याशी संबंधित बोली बोलत नव्हते, असे ते कळवतात. पुढे, विचारण्याचा हेतू आपण ज्यू आहोत का हे जाणून घेण्याचा असेल, तर त्या गुणी समाजातले पूर्वज आपल्याला लाभलेले नाहीत याची खंत वाटते, असेही ते लिहितात. राजकीय उर्मटपणाला त्यांनी दिलेले हे उत्तर शब्दाच्या व्युत्पत्तीतून येते, आणि हे सांगितल्याशिवाय त्या पत्राचे खरे नवल वाचकापर्यंत पोहोचत नाही. युद्धापूर्वी ते भाषांतर निघाले नाही. ‘द हॉबिट’ जर्मन भाषेत आले ते १९५७ साली.

गुप्तलिपीच्या गोष्टीचे दोन पाठ आहेत आणि ते शेजारी शेजारी ठेवावेत. जानेवारी १९३९ मध्ये, युद्ध झालेच तर परराष्ट्र खात्याच्या गुप्तलिपी विभागात काम कराल का, असे टॉल्कीन यांना विचारण्यात आले. त्यांनी होकार दिला आणि मार्चअखेरीस चार दिवसांचे प्रशिक्षणही घेतल्याचे दिसते. ऑक्टोबरमध्ये तूर्त आपली गरज नाही, असे त्यांना कळवण्यात आले. हा पत्रसंग्रहातला पाठ झाला. २००९ साली एका प्रदर्शनाच्या निमित्ताने वृत्तपत्रांत दुसरा पाठ आला: त्यांनी वर्षाला ५०० पौंडांची ही नोकरी नाकारली. असे दोन पाठ आढळले की अधिक रंजक पाठ उचलण्याचा मोह होतो. त्याऐवजी दोन्ही नोंदवावेत, आणि कोणता त्या वर्षातल्या कागदाला धरून आहे हे वाचकाला स्पष्ट सांगावे.

नोबेलची हकिकत कमी शब्दांत आटोपते. टॉल्कीन यांचे लेखक-मित्र सी. एस. लुईस यांनी १९६१च्या पारितोषिकासाठी टॉल्कीन यांचे नाव सुचवले. साहित्याच्या प्राध्यापकांना तसा अधिकार असतो आणि लुईस त्या वेळी केंब्रिजला प्राध्यापक होते. समितीचे अँडर्स ऑस्टर्लिंग यांनी टॉल्कीन यांचे गद्य उच्च दर्जाच्या कथनाला उतरत नाही, असा शेरा मारला आणि पारितोषिक युगोस्लाव्हियाचे इव्हो आंद्रिच यांना मिळाले. नोबेलची कागदपत्रे पन्नास वर्षे बंद असतात, म्हणून हे सारे २०१२ साली उजेडात आले. नाव सुचवले जाणे आणि पारितोषिक थोडक्यात हुकणे यांत पुष्कळ अंतर आहे. ते पुसू नये.

तारखेच्या शेजारी दुसरी तारीख ठेवावी

काही गोष्टी वाकलेल्या नसतात, पण एकट्याच सांगितल्या तर मुक्या राहतात. टॉल्कीन यांची आई मेबल १९०४च्या नोव्हेंबरमध्ये मधुमेहाने गेली. एवढेच लिहिले तर वाचक पुढच्या ओळीवर जातो. पण मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन पहिल्यांदा दिले गेले ते जानेवारी १९२२ मध्ये, टोरोंटो येथे, ही तारीख शेजारी ठेवली की तिच्या काळात त्या आजारावर इलाज नव्हता हे वेगळे सांगावे लागत नाही. तिचे वय त्या वेळी अवघे ३४ होते. नवरा १८९६ सालीच वारलेला; चार वर्षांनी तिने कॅथलिक पंथ स्वीकारल्यामुळे नातेवाइकांनी दिलेला आधारही आटला; आणि मागे १२ आणि १० वर्षांचे दोन मुलगे राहिले. बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या निवासी संस्थेतील, धर्मगुरू फ्रान्सिस मॉर्गन त्यांचे पालक झाले. टॉल्कीन आपल्या आईला धर्मासाठी झिजून गेलेली हुतात्मा मानत. त्यांच्या आयुष्यभराच्या श्रद्धेचे मूळ शोधायचे तर या तारखांपाशीच यावे लागते.

पहिल्या महायुद्धाबाबत हीच रीत अधिक काळजीने वापरावी. शाळेत असताना टॉल्कीन, क्रिस्टोफर वाइजमन, रॉब गिल्सन आणि जेफ्री बाश स्मिथ या चौघांची घट्ट मैत्री होती. १ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोम नदीकाठच्या लढाईला तोंड लागले. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९,००० हून अधिक लोक ठार झाले आणि त्यांत गिल्सन होता. टॉल्कीन लँकाशायर फ्युझिलियर्सच्या अकराव्या तुकडीत संदेशवहन अधिकारी होते आणि त्या दिवशी त्यांची तुकडी राखीव दलात होती. पुढचे चार महिने ते खंदकांतून ये-जा करत राहिले. ऑक्टोबरच्या अखेरीस त्यांना उवांमुळे पसरणारा ‘ट्रेंच फीवर’ झाला आणि नोव्हेंबरमध्ये ते इंग्लंडला परतले. डिसेंबरच्या ३ तारखेला, तोफगोळ्याच्या तुकड्याने झालेली जखम चिघळून, स्मिथ वारला. त्याच वर्षी फेब्रुवारीत, एका धोकादायक गस्तीवर जाण्याआधी, स्मिथने टॉल्कीन यांना लिहिले होते की, मी राहिलो नाही तर जे सांगण्याची माझी धडपड होती ते तू माझ्या मागे सांगत राहा. एका उवेने वाचवलेला लेखक, असे चटकदार वाक्य या माहितीवरून कोणालाही सुचेल. ते लिहू नये. चार तारखा क्रमाने द्याव्यात आणि स्मिथचे पत्र तिथे ठेवावे.

या युद्धाचा त्यांच्या लेखनाशी संबंध जोडताना त्यांची दोन विधाने एकत्र मांडावीत. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्यांनी कादंबरी दुसऱ्या महायुद्धाचे रूपक असल्याचे साफ नाकारले आहे, आणि तेथेच १९१८ पर्यंत एक सोडून सारे जिवलग मित्र गेले होते, अशी आठवणही करून दिली आहे. दुसरीकडे १९६०च्या अखेरीस लिहिलेल्या पत्रात, कादंबरीतील पाण्याखाली मृतांचे चेहरे दिसणारी दलदल सोमच्या लढाईनंतरच्या उत्तर फ्रान्सला काही अंशी ऋणी आहे, असे ते मान्य करतात. एक विधान घेऊन दुसरे दडपले तर लेख सोपा होतो, पण टॉल्कीन यांच्यावर अन्याय होतो.

संथ कामाचे नवल

याद्यांमध्ये सहसा न येणाऱ्या गोष्टींना मी लेखात अधिक जागा देण्याचा आग्रह धरीन. युद्धातून आल्यावर टॉल्कीन यांनी १९१९ आणि १९२० या काळात ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या कचेरीत हेन्री ब्रॅडली यांच्या हाताखाली काम केले. त्यांच्या वाट्याला इंग्रजी वर्णमालेतल्या ‘डब्ल्यू’ने सुरू होणारे शब्द आले: ‘वॉस्प’, ‘वॉटर’, ‘विंटर’, ‘वॉलनट’. हाताने लिहिलेल्या लहान लहान चिठ्ठ्यांवर व्याख्या आणि व्युत्पत्ती मांडायची, असे ते काम होते. ‘वॉलरस’ या शब्दाने त्यांना चांगलेच छळले. त्याची व्युत्पत्ती त्यांनी पुन्हा पुन्हा नव्याने लिहिल्याच्या चिठ्ठ्या राहिल्या आहेत. एका समुद्री प्राण्याच्या नावातील दोन तुकडे कोणत्या भाषेतून आले आणि कधी उलटसुलट झाले, याचा छडा लावत बसलेला २७-२८ वर्षांचा तरुण डोळ्यांसमोर आणा. आयुष्यातल्या तेवढ्याच कुठल्याही दुसऱ्या काळापेक्षा आपण त्या दोन वर्षांत अधिक शिकलो, असे ते पुढे म्हणत. ज्या माणसाने पुढे आपल्या कल्पित लोकांच्या भाषा त्यांच्या ध्वनिबदलांसह रचल्या, त्याची तालीम या चिठ्ठ्यांवर झाली होती.

‘द हॉबिट’च्या जन्माची कथा अशीच आहे. प्राध्यापकाच्या पगारात चार मुलांचा संसार भागत नसे, म्हणून टॉल्कीन उन्हाळ्यात शालेय परीक्षांचे पेपर तपासत. एका विद्यार्थ्याने एक पान कोरे सोडले होते. त्या कोऱ्या पानावर त्यांनी जमिनीतल्या बिळात राहणाऱ्या हॉबिटविषयीचे, म्हणजे एका ठेंगण्या कल्पित माणसाविषयीचे, पहिले वाक्य लिहिले. येथे सावध राहावे: हे नेमके कोणत्या वर्षी घडले हे त्यांनाही आठवत नव्हते, तेव्हा लेखात वर्ष ठोकून देऊ नये. पक्की तारीख प्रकाशनाची आहे, २१ सप्टेंबर १९३७. त्याआधी प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला, रेनरला, वाचायला दिले. रेनरने पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना ते आवडेल असा अभिप्राय लिहून दिला आणि त्याचा मोबदला म्हणून त्याला एक शिलिंग मिळाला.

पुढे हाच रेनर मोठा होऊन वडिलांच्या संस्थेत आला आणि ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ छापावी म्हणून त्याने जोर लावला. संस्थेला १,००० पौंडांचा तोटा होईल असा त्याचाच अंदाज होता, तरी वडिलांनी परवानगी दिली. करार असा झाला की खर्च वसूल होईपर्यंत लेखकाला काहीही मिळणार नाही, आणि त्यानंतर नफ्यातला अर्धा वाटा मिळेल. तोट्याच्या भीतीने केलेल्या या करारानेच टॉल्कीन यांना म्हातारपणी संपन्नता दिली. डिसेंबर १९३७ मध्ये सुरू झालेली ही कादंबरी १९४९ मध्ये पुरी झाली, आणि व्यावसायिक टंकलेखकाचा खर्च झेपत नसल्याने ती त्यांनी स्वतः टंकलिखित केली. कागद महाग होता म्हणून ती तीन भागांत, जुलै १९५४ ते ऑक्टोबर १९५५ या काळात निघाली. तिला ‘त्रयी’ म्हणण्याची सवय सोडावी. टॉल्कीन यांच्या लेखी ती एकच सलग कादंबरी होती. त्यांनी १९५७ साली तिची हस्तलिखिते १,५०० पौंडांना विकली, त्यामुळे ती आज अमेरिकेत, मिलवॉकीच्या मार्केट (Marquette) विद्यापीठात आहेत.

खासगी आयुष्याविषयी लिहिताना

एडिथ ब्रॅट या त्यांच्या पत्नीची कथा प्रेमकथा म्हणून इतकी गोड करून सांगितली जाते की तिच्यात एडिथ उरतच नाही. १९०८ साली बर्मिंगहॅममधल्या एका भाड्याच्या घरात दोघांची भेट झाली. दोघेही पोरके, ती त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी. पुढे मॉर्गन यांनी २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत भेटण्यास आणि पत्र लिहिण्यास बंदी घातली. टॉल्कीन यांनी ती पाळली आणि सज्ञान होताच तिला पत्र लिहिले. तोवर तिचा दुसऱ्याशी वाङ्‌निश्चय झाला होता. ८ जानेवारी १९१३ रोजी ते रेल्वेने चेल्टनहॅमला गेले आणि त्या दिवसअखेर तिने तो निश्चय मोडायचे ठरवले. बहुतेक लेख येथे थांबतात. त्यापुढचा भाग आवर्जून लिहावा: लग्नासाठी एडिथने कॅथलिक होणे आवश्यक होते, आणि तसे ठरताच ज्यांच्या घरी ती राहत होती त्या वयोवृद्ध गृहस्थांनी तिला घर सोडायला सांगितले. २२ मार्च १९१६ रोजी वॉरिक येथे लग्न झाले आणि जूनमध्ये टॉल्कीन फ्रान्सला रवाना झाले. ऑक्सफर्डच्या वोल्व्हरकोट स्मशानभूमीत दोघांच्या नावांखाली ‘लूथिएन’ आणि ‘बेरेन’ ही त्यांच्याच कथेतली, प्रेमासाठी अमरत्व सोडणारी नायिका आणि तिचा मर्त्य प्रियकर यांची, नावे कोरलेली आहेत; या नावांचा अर्थ सांगण्याआधी एडिथने काय सोडले हे वाचकाला कळलेले असावे.

एक व्यावहारिक सूचना. टॉल्कीन यांचे निधन २ सप्टेंबर १९७३ रोजी झाले. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क राहतो, आणि मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या लेखनासाठी ती मुदत प्रकाशनापासून मोजतात. त्यामुळे पत्रांची पानेच्या पाने मराठीत उतरवून छापू नयेत. आशय आपल्या शब्दांत सांगावा आणि अवतरण घ्यायचे तर एखाद्या ओळीचे घ्यावे.

प्रत्यक्ष श्रोत्यांसमोर बोलायचे असेल आणि एकच गोष्ट निवडायची असेल, तर मी पुढची निवडतो. १८९५ साली मेबल दोन्ही मुलांना घेऊन इंग्लंडला आली होती आणि आर्थर नोकरीमुळे आफ्रिकेतच राहिले होते. १४ फेब्रुवारी १८९६ रोजी चार वर्षांच्या रॉनल्डने (टॉल्कीन यांना घरी याच नावाने हाक मारत) दाईला सांगून वडिलांना पत्र लिहून घेतले: आपण लवकरच परत येणार आहोत, आणि आपण दोघे भाऊ इतके मोठे झालो आहोत की बाबा आपल्याला ओळखणारही नाहीत. तेवढ्यात आर्थर यांची प्रकृती गंभीर असल्याची तार आली. दुसऱ्या दिवशी ते वारले. पत्र टपालात पडलेच नाही.